शून्याखालच्या दोन ओळी

मिरजेत मूत्ररोगतज्ज्ञाकडे येणारा पुरुष बहुधा मुतखड्यासाठी येतो, नाहीतर प्रोस्टेटसाठी. मूल होत नाही म्हणून येणारा पुरुष विरळा, आणि तोही बायकोच्या सगळ्या तपासण्या संपल्यावर, कुणीतरी पाठवले म्हणून, नाइलाजाने येतो. कवठेमहांकाळ भागातील ते जोडपे असेच आले होते. नवरा द्राक्षबागायतदार, तिशी नुकतीच ओलांडलेला. सोबत बायको आणि त्याची आई. फाइल बायकोच्या हातात होती आणि तिच्यातील जवळपास सगळे कागदही बायकोचेच होते. गर्भनलिकांचा एक्स-रे, दुर्बिणीतून केलेली पोटाची पाहणी, थायरॉइड, महिन्यामागून महिने केलेल्या सोनोग्राफी, सगळे व्यवस्थित. आरेवाडीच्या बिरोबाला बोललेला नवस फाइलमध्ये नव्हता, तो सासूबाईंनी तोंडी सांगितला.

नवऱ्याची वीर्यतपासणी लग्नानंतर पाचव्या वर्षी, एकदाच झाली होती. शुक्राणू शून्य. त्यानंतर त्याला ‘जंतू वाढवण्याच्या’ गोळ्या मिळाल्या, एका जाहिरातवाल्या वैदूचे महागडे चूर्ण मिळाले, आणि शेवटी एका ठिकाणी दात्याचे वीर्य वापरण्याचा सल्ला मिळाला. दुसऱ्या एका ठिकाणी वृषणाचा तुकडा काढून तपासू या, असे सांगण्यात आले, तेव्हा तो घाबरून घरी बसला.

मात्र त्या अहवालात शून्याच्या खाली आणखी ओळी होत्या. वीर्याचे प्रमाण ०.६ मिलिलिटर आणि पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप, ६.४. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमावलीत प्रमाणाची खालची मर्यादा १.४ मिलिलिटर आहे, आणि निरोगी वीर्य किंचित अल्कधर्मी असते, आम्लधर्मी नव्हे. वीर्याचा बराचसा भाग वीर्यकोशांतून, म्हणजे मूत्राशयामागच्या दोन छोट्या ग्रंथींतून येतो, त्यातच फ्रुक्टोज ही साखर असते आणि या भागामुळेच वीर्य अल्कधर्मी होते. प्रमाण कमी आणि द्रव आम्लधर्मी म्हणजे वीर्यकोशांचा हिस्सा येतच नाही. जे येते ते मुख्यतः प्रोस्टेटचे पाणी. फ्रुक्टोजची चाचणी कुणी केली नव्हती. ती मी त्याच दिवशी करून घेतली, आणि फ्रुक्टोज नव्हते. ‘शून्य’ हा शब्द वाचला की पुढे वाचण्याची गरज उरत नाही, असा आपल्याकडे एक समज आहे. माझ्या मते या विषयातील निम्मे निदान त्या पुढच्या ओळींतच असते.

त्याला पडद्याआड तपासले. एवढ्या वर्षांत हे कुणीही केलेले नव्हते. वृषणांचा आकार चांगला होता, अधिवृषणाचा, म्हणजे वृषणाला चिकटलेल्या आणि शुक्राणू साठवणाऱ्या नळीच्या गुंडाळीचा, वरचा भाग फुगीर लागत होता. म्हणजे आत निर्मिती चालू असून माल पुढे जात नव्हता. मग मी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये शुक्रवाहिनी शोधू लागलो. नसबंदीत जी नळी बांधतात तीच ही. निरोगी पुरुषात ती पीळ दिलेल्या सुतळीसारखी कडक लागते आणि तिच्याबद्दल शंका राहत नाही. उजवीकडे ती नव्हती. डावीकडेही नव्हती. निदान झाले होते: दोन्ही शुक्रवाहिन्यांचा जन्मजात अभाव. त्यासाठी यंत्र लागले नाही, पैसेही लागले नाहीत. वृषणात शुक्राणू नीट तयार होतात का याचा अंदाज देणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाची तपासणी मागवली, तीही सामान्य आली, त्यामुळे वृषणाचा तुकडा काढण्याचा प्रश्नच मिटला.

हाच माणूस चाळीस वर्षांपूर्वी आला असता तर निदान इतकेच अचूक झाले असते, पण उपाय जवळजवळ नसता. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब पद्धतीने हर्षा या मुलीचा जन्म झाला, परंतु त्या पद्धतीत अंडपेशीभोवती हजारो हालचाल करणारे शुक्राणू सोडावे लागत, आणि अशा रुग्णाच्या अधिवृषणातून मिळणारे शुक्राणू त्याला क्वचितच पुरे पडत. १९९२ मध्ये ब्रुसेल्स येथून इक्सीचे पहिले यश जाहीर झाले. एकच शुक्राणू काचेच्या सुईने थेट अंडपेशीत सोडायचा, ही ती पद्धत. तेव्हापासून शुक्रवाहिनी नसलेल्या पुरुषाला स्वतःचे मूल होण्याचा मार्ग खुला झाला. हे मी नवराबायकोला सांगितले तेव्हा नवऱ्याने हसू दाबले, बायको मात्र फाइलची पाने उलटत राहिली आणि तिने विचारले, “मग माझी दुर्बीण कशासाठी केली?” तिला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

खरा पेच पुढे होता. मूत्रपिंडांची सोनोग्राफी केली, दोन्ही जागेवर होती. एक मूत्रपिंड नसते तर कारण बहुधा वेगळे निघाले असते. दोन्ही असल्यामुळे संशय सीएफटीआर या जनुकावर गेला. १९८९ साली ओळखले गेलेले हे जनुक पेशीतून क्लोराइडची ये-जा घडवणाऱ्या प्रथिनाचे आहे. त्याच्या दोन्ही प्रती गंभीर प्रमाणात बिघडल्या, तर फुप्फुसे आणि स्वादुपिंड यांना ग्रासणारा सिस्टिक फायब्रोसिस होतो; एक प्रत गंभीर बिघडलेली आणि दुसरी किंचित उणी असली, तर माणूस धडधाकट वाढतो, द्राक्षाच्या पेट्या उचलतो, फक्त त्याच्या शुक्रवाहिन्या तयार होत नाहीत. पत्नीकडेही एक बिघडलेली प्रत असेल, तर मुलाला दोन्हीकडून तशी प्रत मिळू शकते. म्हणून अशा रुग्णाच्या पत्नीची तपासणी आवश्यक असते.

मी सवयीने विचारले, “नात्यातलं लग्न आहे का?” तिने मान हलवली. ती त्याच्या मामाची मुलगी होती. बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाई तिच्या आत्या होत्या.

दोघांचे रक्त पुण्याला पाठवले. नवऱ्याच्या एका प्रतीत डेल्टा एफ ५०८ हा गंभीर बदल निघाला, दुसरीत ५टी हा सौम्य. बायकोच्या एका प्रतीत तोच डेल्टा एफ ५०८ निघाला. तिला स्वतःला त्याचा काहीही त्रास नव्हता आणि होणारही नव्हता, परंतु होणाऱ्या प्रत्येक मुलाला दोन्हीकडून हा बदल मिळण्याची शक्यता चारात एक होती. अमेरिकेत २०१९ पासून या आजारावर खरोखर परिणामकारक औषधे आहेत. त्यांची किंमत इथे उच्चारण्यात अर्थ नाही.

दोघांच्या संमतीने मी सासूबाईंना आत बोलावले. त्यांच्या मुलाला शुक्रवाहिन्या नाहीत, हे त्यांना आधीच कळले होते आणि ते त्यांनी मानले नव्हते. मी कागदावर वंशवृक्ष काढला: वर त्यांचे आईवडील, खाली त्या स्वतः आणि त्यांचा भाऊ, त्याखाली मुलगा आणि सून. मुलाला आईकडून आलेला बदल मामाकडे असण्याची शक्यता निम्मी, आणि मामाच्या मुलीकडे त्याच्याही निम्मी. इथे तो दोघांतही सापडला, म्हणजे बहुधा वरच्या पिढीतील एकाच माणसाकडून उतरला. बाई बराच वेळ त्या कागदाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजे ह्ये माझ्या माहेरचंच की वो, डॉक्टर.” सुनेकडे पाहून त्या काही बोलल्या नाहीत, पण नवसाचा विषय त्यांनी माझ्यासमोर पुन्हा काढला नाही.

पुढचे काम पुण्यातील केंद्रात झाले. भूल देऊन त्वचेतून बारीक सुईने अधिवृषणातील द्रव ओढला. सूक्ष्मदर्शकाखाली हालचाल करणारे शुक्राणू दिसले आणि ते गोठवून ठेवले. त्यानंतर इक्सी, आणि पाचव्या दिवसाच्या गर्भाच्या बाहेरील आवरणातील काही पेशी काढून जनुकीय तपासणी. २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्यानुसार अशी तपासणी ज्ञात आनुवंशिक आजारासाठीच करता येते. लिंगनिवडीला तिच्यात थारा नाही, आणि हे मी न विचारताही दोनदा सांगतो. ज्या गर्भांत डेल्टा एफ ५०८ दोन्हीकडून आला होता ते बाजूला ठेवले गेले. रोपण केलेल्या गर्भात बापाचा ५टी आणि आईची निर्दोष प्रत होती. पहिला प्रयत्न टिकला नाही, दुसऱ्या वेळी टिकला.

गर्भारपण सुरू असतानाच सासूबाई पुन्हा आल्या, या वेळी धाकट्या मुलाला घेऊन. त्याचे लग्न सुनेच्या धाकट्या बहिणीशी ठरवायचे घाटत होते. त्याला तपासले, त्याच्या दोन्ही शुक्रवाहिन्या जागेवर होत्या. एवढ्यावर त्या उठतील असे मला वाटले, पण त्यांनी स्वतःहून विचारले, “आणि त्या पोरीचं रक्त कवा घ्यायचं?” मी म्हणालो, “मावशी, आधी याचं घेऊ. आणि तिला विचारू, कारण रक्त तिचं आहे.” त्यावर त्या म्हणाल्या, “इचारलंय. ती बाहीर बसलीया.”