पाँपीचे कठडे, सीझरचा खंदक

रोमनांना हत्ती पकडता आला, समुद्रापार नेता आला. पण गर्दीसमोर उभा केल्यावर त्याला अडवायचं कसं, हे कळायला त्यांना दोनशेहून जास्त वर्षं लागली.

नेण्याची युक्ती खरोखर नामी होती. इ.स.पू. 250 च्या सुमारास मेटेलस या रोमन सेनापतीने सिसिलीत रोमचा शत्रू असलेल्या कार्थेजचे सुमारे 140 हत्ती पकडले. सामुद्रधुनी ओलांडायला जहाजं नव्हती, म्हणून मोठे मातीचे रांजण जोडून तराफे केले. रांजण एकमेकांवर आपटून फुटू नयेत म्हणून मधे लाकडं घातली. वर फळ्या, फळ्यांवर माती आणि झाडोरा, कडेने कुंपण. हत्तीला वाटावं, आपण गोठ्यातच उभे आहोत. पायाखाली डुगडुगलं की हत्ती बिथरतो, म्हणून मातीचा तो थर सगळ्यात मोलाचा.

शहरात शिरल्यावर मात्र हिशेब चुकायचे. आफ्रिकेतून जिंकून आलेल्या पाँपी या सेनापतीने विजययात्रेत रथाला चार हत्ती जुंपले, आणि ते वेशीतून जाईनात. शेवटी घोडे लावले.

खरा अनर्थ झाला इ.स.पू. 55 मध्ये, त्याच पाँपीच्या खेळांत. रोमच्या सर्कस मॅक्सिमस या मोठ्या मैदानात वीसेक हत्ती आणि समोर भालेकरी. पाय भोसकले गेलेला एक हत्ती गुडघ्यांवर सरपटत माणसांवर गेला, त्यांच्या ढाली हिसकून वर भिरकावू लागला. मग उरलेल्यांनी एकजुटीने प्रेक्षकांपुढच्या लोखंडी कठड्यांवर धडक दिली. सुटका नाही हे कळल्यावर ते केविलवाणे ओरडत राहिले. लोक रडत उठले आणि पाँपीलाच शिव्याशाप देऊ लागले. त्या गर्दीची ती कळकळ आजही काळजाला भिडते.

नऊ वर्षांनी आपल्या विजयोत्सवात सीझरने कठड्यांचा नाद सोडला आणि मैदानाभोवती पाण्याचा खंदक काढला, सुमारे 10 फूट रुंद आणि तितकाच खोल. अडवतं ते पाणी नव्हे, हत्ती उत्तम पोहतो. पण चारही पाय एकदम उचलून त्याला उडी मारता येत नाही, उभी कडा चढता येत नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गकडचे हत्तींसाठी खणलेले चर ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे सांगायला नको. कडा ढासळून उतार झाला की मात्र चर फुकट, म्हणून ती बांधलेली हवी.

त्याच सोहळ्यात 40 हत्ती दोन्ही बाजूंना मशाली धरून सीझरसोबत कॅपिटोल टेकडीवर गेले.

पुढे सम्राट नीरोने वरच्या वर्गातल्या लोकांना बसायला जागा हवी म्हणून तो खंदक काढून टाकला.