वेबसाइटवर तुमचा फोटो कुठाय, सर?

“तुमच्या वेबसाइटवर तुमचा फोटो नाही, सत्कारांचे नाहीत, साधं सरकत्या अक्षरांतलं ‘हार्दिक स्वागत’ही नाही. असं का, सर?” आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

माझ्या वेबसाइटवर येतं कोण? सहावी-सातवीची पोरं आणि त्यांचे पालक. तेही रात्री जेवणं उरकल्यावर, वडिलांच्या फोनवर, दिवसाचा डेटा संपायच्या आत. त्यांना सरावसंच हवा असतो. मला शाल कोणी घातली याच्याशी त्यांना काय देणंघेणं? म्हणून उघडल्या उघडल्या इयत्ता, मग घटक, मग थेट प्रश्न. माझी ओळख तळाशी, चार ओळींत.

खरी मेहनत गेली ती अक्षरांवर. आमच्या जुन्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीत टाइप केलेल्या. त्या फाँटमध्ये मराठी अक्षरं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात, त्यामुळे मजकूर तसाच वेबसाइटवर चिकटवला की भलतीसलतीच चिन्हं उमटतात. मग पुष्कळ शिक्षक पानाचा फोटोच टाकून मोकळे होतात. फोनवर तो मोठा करून वाचायला जावं तर अर्धी ओळ पडद्याबाहेर! मी सगळं युनिकोडमध्ये आणलं, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत. कन्व्हर्टर बरंचसं काम करतो, पण रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात. फाँट ‘मुक्ता’, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या मंडळींचा, फुकट मिळतो. ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.७ पट ठेवलंय. त्याहून फार कमी केलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला भिडतो. आणि मोकळं दिसावं म्हणून दोन अक्षरांमधली जागा कृपा करून वाढवू नका. शिरोरेषा तुटते.

मुलांचे फोटो नाहीत, नावासकट गुणही नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहेच. पण कायदा राहू द्या बाजूला, आपले गणितातले नऊ गुण गावभर झालेले कोणाला आवडतील?

नवं काही चढवलं की वर्गातल्या एखाद्याच्या हाती फोन देतो. “अपूर्णांकांचा संच काढून दाखव,” एवढंच सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. बोट जिथं घुटमळेल तिथं दुरुस्ती. ‘अध्ययन साहित्य’ लिहिलेल्या बटणाकडे कोणी फिरकेना. तिथं ‘गणिताचा सराव’ लिहिल्यापासून पोरं विचारायला येत नाहीत.