पोटॅशियम ६.४

बायपासच्या आदल्या संध्याकाळी रिपोर्ट आला: रक्तातलं पोटॅशियम ६.४, हृदय बंद पाडू शकेल इतकं जास्त. मी हृदयशस्त्रक्रियेची भूलतज्ज्ञ, असा आकडा दिसला की आधी हृदय सांभाळणारं कॅल्शियम आणि पोटॅशियम उतरवणारं इन्सुलिनच आठवतं. ज्युनिअरने तर ड्रिपची तयारीही केली होती. पण ईसीजी नॉर्मल, किडनी ठीक, आणि साताऱ्याकडचे ते काका खाटेवर मांडी घालून चहात बिस्किट बुडवत होते.

मग प्लेटलेटचा आकडा पाहिला. ११ लाख ८० हजार! असायला हव्यात दीड ते साडेचार लाख. नळीत रक्त गोठताना प्लेटलेट स्वतःतलं पोटॅशियम बाहेर सोडतात. त्या इतक्या असल्या की आकडा उगाच फुगतो. हेपरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या, हिरव्या बुचाच्या नळीत पुन्हा रक्त पाठवलं. ४.३. इन्सुलिन दिलं असतं तर धडधाकट पोटॅशियम आम्हीच पाडलं असतं.

सर्जन म्हणाले, "ॲस्पिरिन चालू आहे ना? मग घेऊ या उद्या." प्लेटलेट जास्त म्हणजे फक्त गुठळीची भीती, असं आम्हा डॉक्टरांनाही वाटतं. पण १० लाखांच्या वर गेल्या की रक्त थांबवणारं फॉन विलेब्रँड नावाचं प्रथिन त्यांच्यापायी घटू शकतं. तपासलं, कमीच निघालं. छातीतलं दुखणं आटोक्यात होतं, डावी मुख्य धमनी मोकळी होती. थांबणं परवडणारं होतं. घाई असती तर मशीनवर प्लेटलेट काढून घ्याव्या लागल्या असत्या.

काका भडकले. "छाती भादरली, पाव्हणे गोळा झाले, आन् आता घरी जा म्हणताय?"

जॅक-२ ही जनुकाची चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे जास्त प्लेटलेट बनवणारा अस्थिमज्जेचाच आजार. रक्तविकारतज्ज्ञांनी प्लेटलेट कमी करणारी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी सुरू केली. पाच आठवड्यांनी प्लेटलेट ३ लाख ९० हजार.

ऑपरेशनच्या दिवशी पहिल्या हेपरिननंतर एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारे सेकंद, ३९० वरच अडला. पंपावर, म्हणजे हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या मशीनवर, जायला आम्हाला ४८० लागतो. वाढीव डोस दिला, ५१० झाला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. ऑपरेशननंतर छातीतल्या ड्रेनच्या नळीत रक्त बेताचंच आलं. पाचव्या दिवशी प्लेटलेट पुन्हा ६ लाखांवर. मोठ्या ऑपरेशननंतर त्या उसळतातच, त्यात काकांचा तर मूळ आजारच तो. गोळी लगेच पुन्हा सुरू केली.

घरी जाताना काकांनी फाईल पुढे केली. "ती हिरव्या बुचाची नळी हितं मोठ्या अक्षरात लिवा बाई. गावच्या लॅबवाल्याला दाखवतो."