अण्णांचे अनुस्वार

'नाव' या शब्दावर टिंब द्यायचं की नाही यावरून आमच्या घरात कधी वाद झाला नाही, कारण दोन्ही चालायचं. शाळेच्या वहीत 'नाव', अण्णांच्या पोस्टकार्डावर 'नांव'.

अण्णा माण तालुक्यात प्राथमिक शिक्षक. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची मराठी सातवीची परीक्षा, पास होऊन १९५७ साली लागले, तेव्हा शाळा स्कूल बोर्डाची होती. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि त्याच वर्षी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम सरकारनं मान्य केले. एका वर्षात मालकही बदलला आणि अक्षरही. जे अनुस्वार उच्चारात नाहीत, ते व्युत्पत्तीनं सिद्ध होत असोत वा नसोत, द्यायचे नाहीत असं ठरलं. पांच, गांव, दांत, कांहीं, घरीं, तूं हे सगळे शब्द एका फटक्यात बोडके झाले. 'नांव' आणि पाण्यातली 'नाव' एकसारख्या दिसायला लागल्या. पुढं १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. बहात्तर म्हटलं की माणात कुणालाही दुष्काळ आठवतो. अण्णांना दुष्काळही आठवायचा आणि ते चार नियमही.

शाळेत ते नियमांचे पक्के. कुणी घरातल्या पोथीत बघून 'आतां' लिहिलं की लाल पेनानं टिंबावर बारीक फुली मारायचे. 'आगाऊ टिंब' हा त्यांचाच शब्द. मी त्यांच्याच वर्गात होतो, त्यामुळं माझ्या वहीत फुल्या जरा जास्तच. आणि हाच माणूस शनिवारी सकाळची शाळा सुटली की घरी येऊन 'तिकडील खुशाली लिहीत जावें' असं बिनदिक्कत लिहायचा! एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "शाळेतलं सरकारचं, घरातलं आपलं." दुसऱ्या वेळी नियमावर बोट ठेवलं. केशवसुतांच्या आधीचं पद्य आणि चिपळूणकरांच्या आधीचं गद्य मुळात असेल तसंच छापावं, अशी सूट त्या नियमांतच आहे. "मला केशवसुतपूर्व धर," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

टिंबांची त्यांना मनापासून हौस होती, हेही खरं. १९७९ च्या मे महिन्यात आम्ही बसनं गोव्याला गेलो होतो. मंगेशीच्या देवळाबाहेर एका फुलवालीनं धाकट्या बहिणीला विचारलं, "तुजें नांव कितें?" बहीण लाजून आईच्या पदराआड. अण्णांचा चेहरा मात्र असा उजळला की देवदर्शन बाहेरच उरकलं म्हणायचं. "ऐकलंस? तीन शब्द, तीन टिंबं, आणि तिन्ही नाकातनं!" आपण हिशेबातून वजा केलेलं इथं अजून रोज खर्चात आहे, याचा त्यांना कोण आनंद. परतीच्या वाटेवर साताऱ्यापर्यंत तोच विषय. आईला बस लागली होती, ती डोळे मिटून ऐकत होती.

दर शनिवारी तीन-चार कार्डं निघायची. एक आत्याला कऱ्हाडला, एक मुंबईला गिरणीत असलेल्या काकाला, आणि मी १९८४ साली पुण्याला वसतिगृहात गेल्यावर एक मला. १५ पैशांच्या कार्डात मावणार किती? पण म्हैस व्याली, कुणाच्या पायाला आता बरं आहे, कुणाची फी भरायची राहिली, सगळं असायचं. फक्त स्वतःबद्दल अवाक्षर नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि उन्हाळ्यात काका-काकू तीन पोरांना घेऊन गावी आले. दोन खोल्या, एक पगार, जेवायला दहा माणसं. अण्णा रात्री पंगत बसली की खरोखर हजेरी घ्यायचे, नावं घेऊन. सगळ्यांचं 'हजर' ऐकल्याशिवाय पहिला घास नाही. काकासुद्धा मान खाली घालून 'हजर' म्हणायचा. ते वर्ष कसं निघालं हे मला त्यांच्या तोंडून कधीच कळलं नाही. आईच्या हातातल्या पाटल्या त्याच वर्षी दिसेनाशा झाल्या, एवढंच दिसलं.

आई शाळेत गेलेली नव्हती. मास्तरांची बायको अडाणी, यावरून गाव थट्टा करायचं. साताऱ्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली होती. गुरुजींनी रात्री कंदील लावून प्रौढांना अक्षरं शिकवायची, विनामोबदला. अण्णांनी त्यात अर्धं गाव सहीला आणलं. लग्न होऊन आलेली आई मागं बसून तांदूळ निवडायची. "एवढी अक्षरं ध्यानात ठिवू, का पोरांची पोटं बघू?" हा तिचा सवाल. गाव साक्षर झाल्याचा समारंभ झाला, तेव्हा बाकी राहिलेल्यांत एक गुरुजींच्या घरातली होती. अण्णांनी यादीत तिचं नाव खोटं घातलं नाही. तिलाही त्याचं काही वाटलं नसावं. निदान समारंभाचा चहा तिनंच केला होता.

आई १९९३ साली गेली. त्यानंतर अण्णांची कार्डं यायची ती स्वच्छ, सरकारी. 'तिकडील खुशाली लिहीत जावे.' टिंब एकही नाही. मला गंमत वाटली. चला, एकतीस वर्षांनी का होईना, अण्णांनी नियम मानले! मी तसं पत्रात लिहिलंही. त्यांचं उत्तर दोनच शब्दांचं होतं. 'सवय झाली.' निवृत्त झाल्यावरही कार्डं येत राहिली, पुढं फोन आल्यावर थांबली.

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेले. तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा मी माझ्याकडची कार्डं बहिणीला दाखवायला काढली. अक्षर तेच, वळणदार, ओळीत एकही अक्षर वरखाली नाही. टिंबं तेवढी वेडीवाकडी. कुठं जाड, कुठं फिकट, एखादं तर शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर गेलेलं. मी म्हटलं, "अण्णांचा हात तेव्हापासूनच थरथरत होता की काय?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "तुला माहीत नाही?"

मी पुण्यात होतो. ती घरी होती.

अण्णा आधी सगळं कार्ड बिनटिंबाचं लिहून काढायचे. शाई वाळू द्यायचे. मग चुलीकडं तोंड करून म्हणायचे, "ये गं, टिंबं राहिलीत." आई पिठाचे हात पदराला पुसून यायची. बाकी अक्षरांचं तिनं काही मनावर घेतलं नाही, पण एकदा म्हणाली होती, "टिंबं काय ती द्यायची आसतील तर सांगा. तेवढं येतंय मला." अण्णा आगपेटीतल्या काडीचं टोक अक्षरावर धरायचे आणि ती त्याच्या वर पेन टेकवायची. प्रत्येक टिंबाला ते शब्द वाचून दाखवायचे. हे 'घरीं'. हे 'मुलांनीं'. जुन्या लेखनात टिंबं भरपूर, त्यामुळं कार्डभर तिला काम मिळायचं. नव्या नियमांनी लिहिलं असतं तर तिच्या वाट्याला फार तर पाचसहा आली असती.

"आणि तुझ्या नावावरनं दरवेळी भांडायची," बहीण म्हणाली. "पोराच्या नावावर एकबी न्हाई व्हय? आसलं कसलं नाव ठेवलं तुमी?"

माझ्या नावात अनुस्वार नाही. जुन्या लेखनात नाही, नव्यात नाही, कोकणीतही नसावा.

रात्री मी कार्डं पुन्हा एकेक करून पाहिली. १९८६ च्या दिवाळीआधीचं एक आहे. 'चि.' नंतर माझं नाव, आणि त्याच्या मधल्या अक्षरावर एक ठसठशीत टिंब. तेव्हा मला वाटलं होतं, टाकातली शाई उडाली असेल. शेजारी फुली नाही. अण्णांनी ते तसंच टपालात टाकलं होतं.