मधले सात मजले

एप्रिलचा दुसरा आठवडा. सकाळी पुण्यातल्या बावधनहून एका आजींचा फोन आला. दोन वर्षांपूर्वी मी ज्या सोसायटीचं बोअर रिचार्ज, म्हणजे गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडायचं काम, करून दिलं, तिच्या शेजारच्या बंगल्यातल्या. माझा नंबर त्यांनी वॉचमनकडून घेतला होता.

"तू तो पाणी जिरवणारा ना? मग ये आणि माझ्या विहिरीत काय जिरवलंस ते बघून जा."

गेलो. विहीर जुनी, पस्तीसेक फुटांची. वरचा भाग दगडी बांधकामाचा, खाली मुरूम उघडा. पाणी तळाला गेलेलं. आजींनी बादली भरूनच ठेवली होती. तिच्या कडेने पांढरी रेघ धरली होती, ताकाच्या भांड्याला धरते तशी. मी बाटली अर्धी भरली, खळखळून हलवली आणि कट्ट्यावर ठेवली. चांगल्या विहिरीच्या पाण्याचा फेस बघता बघता बसतो. हा दोन बोटं जाड फेस मी चहा पिऊन संपवला तरी तसाच होता.

"या पाण्यानं मी देवाची भांडी घासायचे," आजी म्हणाल्या. यापुढे मला काही बोलताच आलं नाही.

सोसायटीत गेलो तर सेक्रेटरी खुशीत. "साहेब, तुमचं काम एक नंबर! उन्हाळ्यातसुद्धा आपली पिट ओली असते. सभेत दाखवायला फोटो काढलाय." माझ्या पोटात गोळा आला. होळीपासून आभाळात ढग नव्हता. मग पिटमध्ये, म्हणजे गच्चीचं पाणी बोअरमध्ये जाण्याआधी गाळणाऱ्या खडी-वाळूच्या खड्ड्यात, पाणी आलं कुठून?

झाकण काढलं. खडीवर करडा चिकट थर आणि कोपऱ्यात बुडबुडे. कपड्यांच्या साबणाचा वास ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही.

ही सोसायटी मीच पटवली होती. गच्ची ८०० चौरस मीटर. पुण्यात पावसाळ्यात साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस टक्के वाया गेलं असं धरलं तरी साडेचार लाख लिटर उरतं. १०,००० लिटरचा एक, असे पंचेचाळीस टँकर. फळ्यावर हा हिशेब मांडला की हमखास टाळ्या पडतात. त्या फळ्यावर एक गोष्ट मी कधीच लिहिली नव्हती: बोअरमध्ये सोडलेलं पाणी तुमच्या कंपाउंडमध्ये थांबत नाही. आपल्याकडे खाली बेसाल्ट. वर मुरूम, मग भोकाभोकांचा, भेगाळलेला खडक आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण. पाषाणाला भेग नसेल तर पाणी खाली उतरत नाही, वरच्या भेगाळ थरातून आडवं सरकतं. उतार आजींच्या विहिरीकडे, अंतर फार तर सत्तर फूट. शिवाय पाणी जमिनीतून हळूहळू मुरलं तर माती त्याला थोडंफार गाळते. बोअर म्हणजे थेट घसा, त्यातून जे सोडाल ते जसंच्या तसं पोटात.

आधी पिटकडून बोअरला जाणारा व्हॉल्व्ह बंद केला. मग गच्चीवरून उतरणाऱ्या चारही पाइपांना आळीपाळीने कान लावला. दोन मुके. तिसऱ्यात घळघळ ऐकू येत होती. सकाळचे साडेनऊ, म्हणजे मशीन लावायची वेळ.

पण कुठल्या मजल्याची? सेक्रेटरींच्या मुलाकडे रंगपंचमीचा गुलाबी रंग उरला होता, तो मागून घेतला. प्लंबरला वर पाठवलं आणि मी पिटशी उकिडवा बसलो. तो एकेका घरी जाऊन ड्राय बाल्कनीतल्या, म्हणजे धुण्या-भांड्यांच्या छोट्या गॅलरीतल्या, जाळीत रंगाचं पाणी ओतायचा आणि फोनवर सांगायचा, "सातवा, सोडला." पाच मिनिटं थांबलो, काही नाही. "सहावा, सोडला." मिनिटाभरात पाइपाच्या तोंडातून गुलाबी धार आली. सेक्रेटरी मागे उभे होते, त्यांनी खिशातला फोन काढला आणि परत ठेवला. पाचवाही गुलाबी. चौथ्याला कुलूप. तिसरा, दुसरा गुलाबी. पहिल्याचं मशीन बाथरूममध्ये होतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या ताई बिचाऱ्या घाबरल्या. "आम्ही फ्लॅट घेतला तेव्हापासून असंच आहे हो." खरंच होतं. पावसाचे शिंतोडे येतात म्हणून बिल्डरने ड्राय बाल्कनीची जाळी पावसाच्या पाइपाला जोडलेली, आणि मशीन ठेवायला घरात दुसरी जागा नाही. लोकांनी नळी त्या जाळीत सोडली. सहाव्या मजल्याने तर पाइप कापून व्यवस्थित टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून घेतला होता, काम इतकं सुबक की प्लंबरने कौतुक केलं. फसवलं कुणीच नव्हतं. मी काम केलं तेव्हा निम्मे फ्लॅट रिकामे होते, पण ती सबब झाली. गच्ची पाहिली, कबुतरांची घाण पाहिली, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायचा व्हॉल्व्ह बसवला, खाली पिट बांधली. मधल्या सात मजल्यांकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.

संध्याकाळी तातडीची सभा झाली. एकजण म्हणाले, "बंदच करा ते रिचार्ज, कटकट नको." दुसऱ्यांना महापालिकेच्या मिळकतकरातली ५ टक्के सवलत आठवली. अर्धा तास सवलतीवर गेला, विहिरीवर पाच मिनिटं. तिसरा पाइप मी दुपारीच पिटपासून तोडून ड्रेनेजच्या चेंबरला वळवला होता. पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये घालणं हेही चूकच, पण पावसाला दोन महिने होते. मे महिन्यात मशीनसाठी बाहेरून वेगळी लाइन उतरवली. पिटमधली खडी-वाळू सगळी काढून नवीन भरली, तिचे पैसे मी घातले. बोअर कॉम्प्रेसरने धुवून काढली, विहिरीचा दोनदा उपसा केला.

जुलैत दोन-तीन मोठे पाऊस झाल्यावर आजींकडे गेलो. पाणी बरंच वर आलं होतं. बाटली भरून हलवली, दोघांनी कट्ट्यावर बसून बघितलं. फेस बसला, पण कडेला एक बारीक कंगोरा राहिला.

"हं," आजी म्हणाल्या, "झाडांना चालेल."

देवाची भांडी त्या अजून नळाच्याच पाण्याने घासतात.