चौकाचा ठोकळा: छेदणाऱ्या धावपट्ट्यांची फरशीवरची मांडणी, टप्पा ३

आपल्या सोनेगाव विमानतळाला धावपट्टी एकच, १४/३२ (हे आकडे पट्टीच्या दोन टोकांच्या दिशा सांगतात). एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या बघायच्या तर मुंबई (०९/२७ आणि १४/३२) किंवा चेन्नई गाठावी लागते. म्हणून नागपुरात कंट्रोलरच्या कामाचा हा अभ्यास फरशीवर, हाताने विमानं सरकवत चालू आहे. मागच्या टप्प्यात पट्ट्या आखून झाल्या. या टप्प्यात वेळेचा हिशेब बसवला आणि ‘उतरणारं विमान किमान २ मैल लांब असेल तरच दुसऱ्याला उड्डाणाची परवानगी’ हा आधीचा नियम मोडीत निघाला.

विमानतळ काल्पनिक, प्रमाण १:१०००. म्हणजे जमिनीवरचा मीटर फरशीवर एक मिलिमीटर. ‘अ’ पट्टीवरून फक्त उड्डाणं, ‘ब’ वर फक्त उतरणं. दोन्ही छेदतात तो चौक ‘अ’ च्या सुरुवातीपासून १५० सेंमीवर आणि ‘ब’ च्या थ्रेशोल्डपासून (उतरण्याची पट्टी सुरू होते त्या रेघेपासून) १०० सेंमीवर. सागरी मैल १८५ सेंमीचा होतो, तेव्हा ३ मैलांच्या अप्रोचलाच (उतरण्याआधीच्या सरळ वाटेला) साडेपाच मीटर जागा लागते. घरातल्या खोलीत हे मावत नाही, सभागृहच हवं. दोन फुटी टाइल असतील तर उत्तम. खडूच्या रेघा पायांनी पुसल्या जातात, मास्किंग टेप टिकते.

उतरणारं विमान १४० नॉट (ताशी सागरी मैल), म्हणजे सेकंदाला ७२ मीटर, फरशीवर ७.२ सेंमी. मोबाइलवर मेट्रोनोम (ठेका देणारं ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून ठोक्यागणिक तेवढं सरकवायचं. एक टाइल पार करायला सव्वाआठ सेकंद लागले की हात बसला. उडणाऱ्या विमानाचा वेग वाढत जातो, तिथे हात हमखास चुकतो. त्वरण (दर सेकंदाला वाढणारा वेग) २ मी./से. धरलं तर हिशेब सोपा: सेकंदांचा वर्ग म्हणजे मीटर. १० सेकंदांना १० सेंमी, २० ला ४०, ३० ला ९०. या खुणा टेपवर आधीच करून ठेवा. चौकात पोहोचायला ३९ सेकंद. परवानगी मिळाल्यापासून विमान हलेपर्यंतचे ८ धरून ४७.

अमेरिकी नियमावलीतलं तत्त्व असं: उडणारं विमान चौक ओलांडून जाईपर्यंत दुसऱ्या पट्टीवर उतरणाऱ्याने थ्रेशोल्ड ओलांडू नये. २ मैलांवरून थ्रेशोल्ड ५१ सेकंदांवर. ४७ विरुद्ध ५१, कागदावर जमतं. पण वैमानिकाने निघायला १० सेकंद जास्त घेतले की ५७ होतात. त्यात आपल्याकडचा मे महिना: ४५ अंशांच्या विरळ हवेत इंजिनाचा जोर कमी पडतो. त्वरण १.७ धरलं तर आणखी ३ सेकंद, एकूण ६०. तोवर उतरणारं विमान थ्रेशोल्ड ओलांडून चौकाच्या ५ सेकंद अलीकडे आलेलं असतं. ते उतरलं तर ब्रेक लावता येतील. गो-अराउंड केला (न उतरता पुन्हा वर गेलं) तर ते चौकावरूनच वर चढणार, आणि दुसरं नुकतंच जमीन सोडत असणार. खरा धोका इथे आहे, चौकाच्या डांबरापेक्षा त्याच्या वरच्या हवेत. न छेदणाऱ्या, पण पुढे ज्यांचे मार्ग मिळतात अशा पट्ट्यांनाही तो लागू आहे. गो-अराउंडच्या याच प्रश्नावर अमेरिकेच्या एनटीएसबीने (अपघातांची चौकशी करणाऱ्या संस्थेने) २०१३ मध्ये नियम बदलण्याची शिफारस केली होती.

१५ सेकंद राखीव धरले तर ७५ सेकंद, म्हणजे २.९ मैल. आता आपला नियम ३ मैल.

‘थांबा’ कधी म्हणायचं, याचा हिशेब सगळ्यांनी स्वतः करून बघावा. वैमानिकाची प्रतिक्रिया २ सेकंद आणि ब्रेकची मंदता (दर सेकंदाला घटणारा वेग) ३ मी./से. धरा. धाव सुरू झाल्यापासून २५ व्या सेकंदाला हाक दिली तर विमान चौकाच्या २८५ मीटर अलीकडे थांबतं. २८ व्या सेकंदाला दिली तर बरोबर चौकात उभं राहतं! म्हणून २५ नंतर उडणाऱ्याला रोखायचं नाही. उतरणाऱ्याला लांब असतानाच गो-अराउंड द्यायचा आणि वळवायचं. शब्दही ठरलेलेच: विमान हललं नसेल तर ‘होल्ड पोझिशन, कॅन्सल टेक-ऑफ’, धावत असेल तर कॉलसाइनसह (रेडिओवरच्या विमानाच्या नावासह) ‘स्टॉप इमिजिएटली’ दोनदा. ‘टेक-ऑफ’ हा शब्द परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’. १९७७ मध्ये टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसं गेली, त्यानंतर ही शिस्त आली.

आता ठोकळा. ९ जून २००५ ला बोस्टनमध्ये एअर लिंगसचं ए३३० आणि यूएस एअरवेजचं ७३७ छेदणाऱ्या पट्ट्यांवर एकाच वेळी धावले. दोघांनाही परवानगी होती, फक्त ती देणारे कंट्रोलर वेगळे होते आणि त्यांच्यातला समन्वय तुटला होता. ७३७ च्या सहवैमानिकाने नाक खाली दाबून धरलं आणि ए३३० त्याच्या डोक्यावरून निघून गेलं. म्हणून मांडणीवर दोन कंट्रोलर बसवले की चौकाचा एकच लाल ठोकळा ठेवायचा, रेल्वेच्या एकेरी मार्गावरच्या टोकनसारखा. ठोकळा स्वतःच्या स्ट्रिप-बोर्डवर (प्रत्येक विमानाची कागदी पट्टी, म्हणजे स्ट्रिप, लावतात त्या फळीवर) असल्याशिवाय परवानगी नाही. ‘दिला’ म्हणून चालत नाही, हातातून हातात गेला पाहिजे. लाकडी आणि स्ट्रिपएवढ्या रुंदीचा घ्या. पुठ्ठ्याचा स्ट्रिपखाली सरकतो आणि ऐन वेळी दिसत नाही.

टप्पा ४ मध्ये दोन्ही पट्ट्यांवरून उड्डाणं. हेवी (सर्वांत जड गटातल्या) विमानामागून मध्यम विमानाचा मार्ग त्याच उंचीवर किंवा १,००० फुटांपेक्षा कमी खालून छेदत असेल तर मोठ्या विमानामागची हवेची घुसळण शमायला २ मिनिटं, म्हणजे मेट्रोनोमचे १२० ठोके. तोवर ठोकळा बोर्डवरून हलवायचा नाही.