दोन बोटं वर

यावल-रावेर पट्ट्यातल्या एका गावातून बावीस विहिरींचे नमुने आमच्या प्रयोगशाळेत आले होते. केळीचा मुलूख. ठिबकमधून युरिया सुटतो, जमिनीत त्याचं नायट्रेट होतं आणि मुळांनी न घेतलेलं नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही आपल्या मानकाची मर्यादा, आणि तीत सवलत नाही.

एकवीस विहिरी १२ ते ७८ मध्ये बसल्या. बाविसावीचं वाचन यंत्राच्या पट्टीबाहेर गेलं. नमुना वीसपट पातळ केला, नायट्रेट शोषतं त्या २२० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात मोजला, सेंद्रिय घाणीसाठी २७५ नॅनोमीटरच्या वाचनाची वजावट केली. ६४०. बाटली बदलली असेल म्हणून पुन्हा केलं, तरी ६४०.

ग्रामसभेसाठी आलेख मला करायचा होता, आणि साहेबांना सगळं एका पानावर हवं होतं. सरळ अक्षावर ६४० चा स्तंभ पान व्यापतो आणि बाकीचे एकवीस तळाशी चिकटतात. कोण ४० वर आणि कोण ५५ वर, हे कळत नाही, आणि गावाला नेमकं तेच कळायला हवं होतं. एक्सेलमध्ये तुटका अक्ष, म्हणजे मधले आकडे गाळलेला, सरळ मिळत नाही. मी पायथनमध्ये दोन आलेख एकावर एक ठेवले: खालचा ० ते ९०, वरचा ६०० ते ६६०. मधल्या कडा लपवल्या आणि तुटलेल्या जागी दोन तिरप्या रेघा दिल्या. खालच्या भागाला पाऊण उंची. सुबक झाला होता, मला अभिमान वाटला. साहेबांनी पाहताक्षणी सही केली.

चौदा दिवसांनी त्याच विहिरीचा फेरनमुना घ्यायला गेले. ओट्यावर घरची सून तीन महिन्यांच्या बाळासाठी पावडरचं दूध कालवत होती. पाणी त्याच विहिरीचं.

मी म्हटलं, "अगं, हे पाणी बाळाला नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"मॅडम, उकळूनच देते. आणि कागदावर पाहिलं मी, आमचा दांडा शेजारच्यांपेक्षा दोन बोटंच वर आहे. ते पितातच की."

पंचायतीच्या फलकावरून कागद काढून मी मोजपट्टी लावली. शेजारच्यांच्या ७८ चा स्तंभ साडेदहा सेंटिमीटर, हिच्या ६४० चा पावणेपंधरा. खरा फरक आठपटीचा, डोळ्यांना दिसत होता तो दीडपटही नाही. तिचं काही चुकलं नव्हतं. स्तंभाची उंची म्हणजे आकडा, हे आपणच शाळेत शिकवतो, आणि मी ती उंचीच कापली होती. तिरप्या रेघा झेरॉक्समध्ये पुसट झाल्या होत्या. ठळक असत्या तरी त्यांचा अर्थ तिला कुणी सांगितला होता?

उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते अधिक दाट होतं. सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद त्याने घटते, अंग निळसर पडतं. मी आधी बाळाची नखं पाहिली. गुलाबी होती. तरी त्याच दुपारी दोघांना आरोग्य केंद्रात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, बाळ ठीक आहे, पाणी तेवढं बदला.

परत येताना लॉग अक्ष सुचला होता, म्हणजे दर टप्प्याला आकडा दहापट होणारा. पण त्यावरही ६४० बुटकाच दिसतो, आणि शून्य नसल्याने स्तंभ कुठून सुरू करायचा हेच ठरत नाही. दोन स्वतंत्र चौकटी आणि स्तंभांऐवजी ठिपके, असं केलं असतं तर अहवालापुरतं चाललं असतं. गावासाठी पानच मोठं हवं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर कागद जोडून लावले, एका मिलिग्रॅमला एक मिलिमीटर. ४५ ची तांबडी रेघ तळापासून साडेचार सेंटिमीटरवर. ४० आणि ५५ मधला फरक लांबूनही दिसत होता. आणि ६४० चा पट्टा चौसष्ट सेंटिमीटर, खाली कुठेही न तुटता.

ती बाळाला कडेवर घेऊन आली. तांबड्या रेघेवर बोट ठेवलं आणि तिथून बोट वर नेत राहिली, पट्टा संपेपर्यंत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, हा कागद पहिल्या दिवशी का नाही लावला?"

अहवालाचा नमुना बदला, असं मी साहेबांना लेखी दिलं आहे. त्या चौदा दिवसांत बाळाने किती बाटल्या प्यायल्या असतील, हे मी रोज मोजते.